जुनी पॉइंट टू-टू रायफल घेतलीत? मग या चुका टाळा

सेकंडहँड पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीची छोटी रायफल) हातात आली की पहिल्याच दिवशी काहीतरी उघडावं, घासावं, बदलावं असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. बऱ्याच जुन्या रायफली उघडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की या बंदुका वापराने फारशा बिघडत नाहीत. त्यांच्यात घाण साचते, आणि ती घाण म्हणजे बिघाड आहे असं समजून माणूस कानस घेऊन बसतो. खरा बिघाड तिथून सुरू होतो.

आधी कागद. परवाना, नोंदणी आणि मालकी हस्तांतर तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे पूर्ण झाल्याशिवाय रायफल घरी आणू नका. रायफलीवर क्रमांक नसेल तर लगेच चोरीचा माल समजू नका. उदाहरणार्थ, अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी अनेक साध्या पॉइंट टू-टू क्रमांकाशिवायच विकल्या गेल्या. अशा रायफलीचं काय करायचं हे विकणाऱ्याला न विचारता परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. मात्र क्रमांक खरवडलेला दिसला तर तो व्यवहार तिथेच सोडा.

रिकामी आहे असं गृहीत धरणं

बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि करंगळीने तिचं तोंड चाचपा. नळीखाली ट्यूब मॅगझीन (काडतुसं साठवायची लांब नळी) असलेल्या रायफलीत विशेष काळजी घ्या. ट्यूबमधली आतली नळी काढली, उलटी केली, काही पडलं नाही, म्हणजे रिकामी, असं होत नाही. मळलेल्या ट्यूबमध्ये एखादं काडतूस चिकटून राहतं आणि हलवाहलव झाली की पुढे सरकतं. बोल्ट चार-पाच वेळा पूर्ण मागे-पुढे करा, मग पुन्हा बघा. पॉइंट टू-टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, पण काडतुसांच्या डब्यांवर धोक्याचं अंतर दीड मैल छापलेलं असतं. ही लहान मुलांची बंदूक आहे असं म्हणणाऱ्यांनी तो डबा एकदा वाचावा.

रिकाम्या चेंबरवर घोडा दाबत बसणं

सेकंडहँड रायफल बघायला आलेला प्रत्येक जण हेच करतो: बोल्ट लावतो, खट्, पुन्हा लावतो, खट्. मोठ्या रायफलीच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला तळाच्या मध्यभागी छोट्या टोपीत असतो. पॉइंट टू-टूत तो रिमच्या, म्हणजे तळाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, आत गोल पसरलेला असतो. म्हणून फायरिंग पिन मध्यभागी न मारता कडेवर मारते, आणि रिम चेंबरच्या तोंडाच्या धातूवर चेपली जाऊन मसाला पेटतो. काडतूसच नसेल तर अनेक जुन्या रायफलींत पिन थेट त्या तोंडाच्या कडेवर आदळते. शंभर वेळा आदळली की तिथे खळगा पडतो आणि खळग्यातला धातू आत, चेंबरमध्ये सरकतो.

इथून दोन वेगळ्या तक्रारी सुरू होतात. आत सरकलेल्या त्या कडेमुळे काडतूस नीट बसत नाही आणि उडवलेलं खोकं (काडतुसाचं रिकामं आवरण) सहज निघत नाही. दुसरं, पिन जिथे मारते नेमका तिथेच रिमला समोरून आधार राहत नाही, त्यामुळे काडतूस कधी उडतं, कधी उडत नाही. लोक या दोन्हींसाठी स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर (खोकं ओढून काढणारी आकडी) बदलतात आणि पैसे घालवतात.

ओळखायची खूण सोपी आहे. उडालेलं पितळी खोकं उजेडात धरा. पिनच्या खुणेपासून सुरू होऊन खोक्याच्या अंगावर उभी जाणारी बारीक चरी दिसली, तर चेंबरची कड आत आलेली आहे. यावर उपाय आहे. गुळगुळीत, निमुळता पोलादी ठोकळा चेंबरमध्ये फिरवून सरकलेला धातू मागे दाबला जातो, जणू इस्त्री केल्यासारखा. हे काम जाणत्या गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) करून घ्या. कानस किंवा ड्रिल लावलं तर जो धातू परत जागेवर जायला हवा होता तोच कापला जातो. १९६४ साली आलेली रुगर १०/२२ यासारख्या काही रायफलींना रिकामा घोडा चालतो, पण तो नियम आजोबांच्या रायफलीला लावू नका. सराव करायचाच असेल तर खास त्यासाठी बनवलेली नकली काडतुसं वापरा.

काडतूस उडत नाही म्हणून थेट स्प्रिंग बदलणं

मी एकदा एक सिंगल-शॉट बोल्ट रायफल घेतली. दहापैकी तीन काडतुसं उडत नव्हती. विकणारा म्हणाला, स्प्रिंग बसलीय. मी बोल्ट उघडला तर आत तेल नव्हतंच. होता तो तपकिरी, मधासारखा चिकट थर. कुणीतरी कित्येक वर्षं घराघरांत असतं ते तेल ओतत राहिलं होतं आणि ते सुकून गोंद झालं होतं. पिन स्प्रिंगच्या जोराने पुढे जायची, पण त्या चिकट्यातून जाताना निम्मा जोर तिथेच संपायचा. बोल्टचे भाग रात्रभर मिनरल स्पिरिटमध्ये (एक प्रकारचं थिनर) बुडवून ठेवले, जुन्या टूथब्रशने घासले, पूर्ण कोरडे केले आणि पातळ तेलाचा एकच थेंब दिला. तीच स्प्रिंग, तीच पिन. त्यानंतर पन्नासच्या पन्नास काडतुसं उडाली.

म्हणून क्रम ठरवून घ्या. काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, कारण कधीकधी मसाला उशिरा पेटतो. मग काडतूस काढून पिनची खूण बघा. खूण खोल आणि स्पष्ट असेल तर संशय काडतुसावर घ्या. रिममध्ये मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तेच काडतूस अर्धं फिरवून पुन्हा लावल्यावर उडालं, तर रायफल निर्दोष आहे. खूण उथळ असेल तर आधी बोल्टची सफाई करा, मग पिनचं टोक झिजलंय किंवा मुडपलंय का बघा, आणि स्प्रिंगकडे सगळ्यात शेवटी वळा. दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांचा एक डबा आणून बघणं हे तर सगळ्याच्याही आधी, कारण त्याला पान्हासुद्धा लागत नाही.

काही वेळा रायफल बिघडलेलीच नसते. विंचेस्टरचं १९३४ मधलं मॉडेल ६७ बोल्ट बंद केल्यावर आपोआप सज्ज होत नाही, बोल्टमागची गुंडी हाताने ओढावी लागते. हे माहीत नसलेला माणूस घोडा दाबतो, काही होत नाही, आणि रायफल स्वस्तात विकून टाकतो. ओढलेली गुंडी काडतूस आत असताना बोटाने सोडत पुढे नेऊ नका. घाम आलेल्या बोटातून ती सुटली तर रायफल उडेल. आधी बोल्ट उघडा, काडतूस काढा.

चुकीचं काडतूस

पॉइंट टू-टू हे एकाच काडतुसाचं नाव नाही. शॉर्ट १८५७ चं, लाँग रायफल १८८७ चं, मॅग्नम १९५९ चं. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसतं आणि उडालं तर खोकं फाटून गरम वायू मागे येतो. हे कधीही करू नका. नळीवर काय कोरलंय ते वाचा, आणि नळी बदललेली किंवा कोरलेलं पुसट असेल तर गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या.

शॉर्टचा त्रास वेगळा आहे. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शॉर्ट उडवता येतं, पण त्याचं खोकं सुमारे पाच मिलिमीटर आखूड असतं. त्या मोकळ्या पट्ट्यात काजळी आणि शिशाची कडी जमते. वर्षानुवर्षं शॉर्टच वापरलेल्या रायफलीत लाँग रायफल घातलं की ते शेवटचे दोन मिलिमीटर अडतं, आणि उडवल्यावर खोकं आत घट्ट बसतं. सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रावण) लावून काही तास ठेवा, मग ब्रॉन्झ ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा. दोन-तीन वेळा करावं लागेल, पण कडी जाते. एक्स्ट्रॅक्टर निर्दोष असतो, फक्त त्याच्या नखाखाली साचलेला मळ टाचणीने काढा.

नळीला अति स्वच्छ करणं

या विषयावर मी जास्त बोलणार, कारण चांगल्या नळ्या मी गोळ्यांनी नाही, सफाईच्या सळईनेच खराब झालेल्या पाहिल्यात. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, वर मेणासारखा लेप. तिच्याने पोलाद झिजायला फार वर्षं लागतात. तुकडे जोडून केलेली पोलादी सळई पुढच्या तोंडातून रोज घालणारा माणूस मात्र काही वर्षांत ते तोंड लंबुळकं करतो. गोळी नळी सोडते ती त्या शेवटच्या कडेवरून. ती कड एका बाजूला झिजली की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळी दरवेळी थोडी ढकलली जाते.

तपासण्यासाठी कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने बाहेर ओढा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे बर, म्हणजे धातूचा उठलेला बारीक काटा, आहे. लेथवर तोंड नव्याने कापून घेणं हे लहानसं काम आहे आणि त्याने निशाणा सुधारलेला मी पाहिलाय. पुढे सफाई मागून, चेंबरच्या बाजूने करा. १९६० पासूनच्या मार्लिन मॉडेल ६० सारख्या रायफलींत मागून सळई जात नाही, तिथे ओढायची दोरी वापरा.

नळीत काळपटपणा किंवा खड्डे दिसले तर? जुन्या काडतुसांच्या मसाल्यातून पोटॅशियम क्लोराइड उरायचं. ते मिठासारखं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तेलात विरघळत नाही. रेमिंग्टनची न गंजवणारी काडतुसं १९२६ च्या सुमारास आली. त्याआधीच्या रायफलींत खड्डे असणं साहजिक आहे. अशा कित्येक नळ्या पन्नास मीटरवर छान मारतात, म्हणून आधी मारून बघा आणि मग निर्णय घ्या. नळीत एका जागी कडीसारखी काळी सावली दिसली तर मात्र मागे व्हा. ती फुगलेली जागा आहे. आत अडकलेल्या गोळीवर कुणीतरी दुसरी उडवलेली असते. तुमच्या हातात कधी आवाज दबका, फुस्स असा आला, तर लगेच थांबा आणि नळी आरपार दिसते की नाही ते बघितल्याशिवाय दुसरं काडतूस लावू नका.

सॉल्व्हंटने लखलखीत केलेल्या नळीतून पहिल्या दहाएक गोळ्या विखुरल्या तर घाबरू नका. मेणाचा थर पुन्हा बसला की गट आवळतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, काजळीत शिसं असतं.

घोडा हलका करायला कानस

नका करू. घोड्याच्या आतल्या खाचांवर बहुतेकदा कडक पोलादाचा पातळ थर असतो. तो गेला की खालचा मऊ धातू भराभर झिजतो आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच रायफल उडते. जुनी रायफल घेतल्यावर ती पूर्ण रिकामी करून बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावून घोडा दाबा, सोडा, सेफ्टी काढा, दस्त्याचा तळ रबराच्या पट्टीवर आपटा. यातल्या कशानेही खट् झालं तर रायफल गनस्मिथकडे जाईपर्यंत तिच्यात काडतूस जाता कामा नये.

दस्ता आणि स्क्रू

निमुळत्या टोकाचा घरगुती स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटतो आणि शंभर वर्षं टिकलेली खाच पाच सेकंदात बिघडवतो. समांतर पात्याचा, खाचेत गच्च बसणारा घ्या. गंजावर तेल लावून सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. जुना निळसर रंग राहू द्या, तो घासून काढलात तर रायफलीची किंमतही जाते.

लाकडावरचे पोचे सँडपेपरने काढू नका. ओला कपडा ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा, वाफेने दबलेले तंतू वर येतात. सँडपेपरने लाकूड धातूच्या पातळीखाली गेलं की ते परत आणता येत नाही. दस्त्याला जवसाचं तेल लावलंत तर तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःहून तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. दस्ता आठवडाभर वाळू द्या. मग स्क्रू हलके, थोडेथोडे, आळीपाळीने आवळा, कारण एकच स्क्रू गच्च केला की जुनं लाकूड तडकतं आणि निशाणा सरकतो. स्क्रू कुठवर फिरला ते पेन्सिलीच्या रेघेने टिपून ठेवा, आणि पाच गोळ्यांचा गट मारून झाल्यावर ती रेघ जागेवर आहे का बघा.