आयपी घेत नाही? आधी आकडा वाचा

मालवण, तारकर्ली, गुहागर, हर्णै या पट्ट्यात नेटवर्किंगच्या कामाला नव्यानं लागलात, तर पहिल्याच महिन्यात कानावर येणारी तक्रार ठरलेली: ‘वायफाय दिसतंय, जोडतंय, पण आयपी घेत नाही,’ म्हणजे उपकरणाला नेटवर्कवरचा पत्ता मिळत नाही. नवा मुलगा जातो, राउटर बंद-चालू करतो, चाललं म्हणून निघतो. आठ दिवसांनी त्याच घरून परत फोन. राउटरचा पिन काढण्याआधी उपकरणावरचा आयपीचा आकडा वाचला असता तर ती दुसरी खेप वाचली असती. बंद-चालू केलं की खुणा पुसल्या जातात.

विंडोजवर सीएमडी (कमांड लिहायची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. फोनवर वायफायच्या नावावर टिचकी मारली की तपशील दिसतो. आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर मशीननं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक लावून घेतला. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असेल तर सेटिंगला हात लावू नका, वायर किंवा पोर्ट बघा. ‘डीएचसीपी एनेबल्ड’समोर (डीएचसीपी म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची सोय) ‘नो’ असेल, तर आधी कुणीतरी हातानं आयपी टाकून गेलाय. राउटर १९२.१६८.१.१ वर असताना मशीनला १९२.१६८.०.काहीतरी मिळालं असेल, तर घरात पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी आहे. आणि पत्ता, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) सगळं बरोबर असून नेट नसेल, तर डीएचसीपी निर्दोष आहे. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (फायबरचा सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागलाय का ते बघा. ‘नेट नाही’ आणि ‘आयपी नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. गिऱ्हाईक दोन्हीला एकच नाव देतं, तुम्ही देऊ नका.

पत्ता मिळण्याचा व्यवहार चार निरोपांचा. मशीन ओरडून विचारतं, ‘कुणी पत्ता देतंय का?’ (डिस्कव्हर). राउटर म्हणतो, ‘हा घे’ (ऑफर). मशीन म्हणतं, ‘हाच दे’ (रिक्वेस्ट). राउटर म्हणतो, ‘दिला, इतक्या वेळासाठी’ (ॲक). १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमपत्रिकेपासून हे असंच चालू आहे. राउटर यूडीपी पोर्ट ६७ वर ऐकतो, मशीन ६८ वर. पहिली हाक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून, असते, म्हणून ती आपल्या नेटवर्कपुरतीच पोचते. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) ‘डीएचसीपी’ हा फिल्टर लावला की नुसती डिस्कव्हरची रांग दिसते की पुढे ऑफरही येतेय, हे मिनिटात कळतं.

वायरशार्क नसेल तर साधी परीक्षा. मशीनला तात्पुरता आयपी हातानं द्या: १९२.१६८.१.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. मग गेटवेला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. उत्तर आलं तर वायर, पोर्ट, वायफाय ठीक. पत्ते वाटणाराच गप्प आहे किंवा मशीनवरचा ॲन्टिव्हायरस उत्तर गिळतोय. उत्तर नाही आलं तर वाटेतच खोट आहे. परीक्षा झाली की सेटिंग परत ‘आपोआप’वर आणायचं. हातानं टाकलेला आयपी तसाच ठेवून ‘झालं काम’ म्हणणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय. पूलमधला (राउटरनं वाटायला ठेवलेल्या पत्त्यांतला) आकडा टाकून गेलात, तर चार महिन्यांनी तोच आकडा राउटर दुसऱ्याला देतो आणि दोघंही लटकतात.

आता वाटेतली खोट. किनाऱ्यावर तिचं पहिलं कारण खारी हवा. वायरीच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर काढून उजेडात धरा: आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एखादीवर हिरवट भुकटी किंवा काळा डाग दिसेल. अशा वायरीवर पोर्टावरचा लिंक लाइट लागतो, म्हणून नवखा फसतो; पण डेटा अर्धवट जातो आणि चार निरोपांतला एखादा हरवतो. कनेक्टर पुसून दोन दिवस निघतात, जास्त नाही. दोनेक इंच वायर कापा, आतलं तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे या आणि नवा कनेक्टर मारा. क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे बघा. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून लिंक लाइट सारखा लागत-विझत असेल, तर लॅनकार्डचा वेग हातानं १०० वर बांधून बघा. लगेच आयपी आला, तर ४, ५, ७, ८ पैकी तार गेलीय.

वायर बाहेरून आत घेताना भोकाच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे पागोळीचं पाणी झोलावरून गळून जातं; नाहीतर ते वायरीवरून सरळ पोर्टात उतरतं. मुख्य घरापासून वाडीतल्या खोल्यांपर्यंत तांब्याची वायर उघड्यावरून नेऊच नये. जूनच्या सुरुवातीच्या विजांमध्ये स्विचचे पोर्ट जातात ते तिच्यामुळेच. शिवाय तांब्याची मर्यादा १०० मीटर. फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे) थोडे महाग पडतात, पण स्विच दर वर्षी बदलावा लागत नाही.

वायफायवर फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वरच अडकला, तर आधी राउटरजवळ उभं राहून बघा. चिऱ्याच्या दोन जाड भिंतींपलीकडे फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन येत नाही. फोन जास्त ताकदीनं ओरडू शकत नाही, एवढंच कारण.

लाइट येते-जाते तेव्हाचा घोळ वेगळा. लाइट आली की कॅमेरे, रेकॉर्डर आधी उठतात आणि फायबरचा डबा आणि राउटर तयार व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर कॅमेऱ्यानं हाक मारून सोडून दिलेली असते, आणि स्वस्तातले काही पुन्हा विचारतच नाहीत. उपाय म्हणजे छोटा डीसी यूपीएस. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९, ते वाचूनच घ्या आणि मधला स्विचही त्यावर टाका. हा स्विच बहुतेक जण विसरतात. कॅमेरे आणि प्रिंटर मात्र पूलच्या बाहेरच्या ठरलेल्या आकड्यांवरच बरे.

होमस्टेमध्ये मे महिन्यात बंद पडतं ते पूल संपल्यामुळे. हिशोब करून बघा. पूल १९२.१६८.१.१०० ते १४९, म्हणजे ५० पत्ते. लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, २४ तास. आठ खोल्या, खोलीत तिघं, म्हणजे २४ फोन. ते सकाळी अकराला निघून गेले तरी पत्ते परत करत नाहीत. फोन रेंजबाहेर जाताना निरोप घेत नाही. दुपारी नवे २४ आले, आठ टीव्ही आधीचेच: ५६ झाले. शेवटच्या सहांना पत्ता नाही, आणि नेमकी त्यांचीच खोली ‘रेंज नसलेली’ ठरते. राउटर बंद-चालू केला की बऱ्याच मॉडेलांवर यादी पुसली जाते आणि दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. खरा इलाज: पूल २० ते २३९ करा, लीज दोन-तीन तासांवर आणा. लीजची अर्धी मुदत झाली की जो फोन तिथंच आहे तो आपोआप नूतनीकरण मागतो, त्यामुळे कमी मुदतीनं पाहुण्याला त्रास होत नाही. गणपतीत चाकरमान्यांनी भरलेल्या घराचंही हेच. फक्त तिथं कधी कधी पूल मोकळा असूनही फोन जोडत नाहीत, कारण काही डब्यांवर वायफायला एका वेळी ३२ उपकरणांचीच मर्यादा असते. तो आकडा वायफाय सेटिंगच्या पानावर मिळतो. मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावर) ठरलेल्या आयपीचं आरक्षण केलं असेल, तर फोनचा मॅक खरा आहे का तेही बघा. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कला बनावट मॅक दाखवतात.

पत्ते वाटणाऱ्या दुसऱ्याचं प्रकरण जवळपास नेहमी जुन्या राउटरचं असतं. ‘पडवीत रेंज येत नाही’ म्हणून माळ्यावरचा राउटर काढून लॅनमध्ये (घरच्या नेटवर्कमध्ये) लावला जातो, आणि तोही पत्ते वाटायला लागतो. ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं, म्हणून एकाच घरात दोन फोन चालतात, तिसरा नाही. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी बंद करा, वायर लॅन पोर्टात लावा, वॅन (बाहेरच्या जोडणीचं) पोर्ट रिकामं सोडा. याच क्रमानं करा. पत्ता बदलण्याआधी डीएचसीपी बंद केलंत, तर त्या राउटरच्या पानावर परत शिरायला हातानं आयपी टाकावा लागेल.

कॉलेज किंवा बँकेच्या कामात मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच आला की दोन गोष्टी आधी बघा: पोर्ट योग्य व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) आहे का, आणि पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारं सेटिंग) लावलंय का. नसेल तर स्पॅनिंग ट्री (वायरींचं वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था) पोर्ट उघडायला सुमारे ३० सेकंद घेतं, तेवढ्यात मशीन थकून १६९.२५४ लावून बसतं. ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’नं लगेच पत्ता आला, तर समजा हेच.

राउटरही एका बाजूनं गिऱ्हाईकच असतो. त्याच्या स्टेटस पानावर वॅनसमोर ०.०.०.० दिसलं, तर केबलवाल्याकडून पत्ता येत नाही. हे बहुधा कुणी टाचणीनं दहा सेकंद रीसेट दाबल्यानंतर होतं: पीपीपीओईचं (केबलवाल्याकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड उडतं आणि जोडणी ‘डायनॅमिक आयपी’वर येते. तिथं कितीही वाट बघितली तरी पत्ता येणार नाही. राउटर नवा असेल आणि केबलवाल्यानं जुन्याचा मॅक नोंदवून ठेवला असेल, तर राउटरच्या मॅक क्लोन सेटिंगमध्ये जुना आकडा टाका, नाहीतर त्यांना फोन करून नोंद बदलून घ्या. पीपीपीओईचं युजरनेम, राउटरचा पत्ता आणि हातानं दिलेल्या आयपींची यादी कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवा. कागदावर पारदर्शक टेप मारा, साधी शाई पहिल्या पावसाळ्यात पसरते.