आधी वाचा, मग घासा: सेक्स्टन तोफगाडी ओळखताना आणि सावरताना

आमच्या शेडमधल्या सेक्स्टनची डावी बाजू मला वाचता येत नाही, ही रुखरुख सहा वर्षं झाली तरी जात नाही. गाडी आधी ज्यांच्याकडे होती त्यांनी हौसेनं ती बाजू वाळूच्या माऱ्याखाली धरली, लोखंड पांढरं पडेपर्यंत घासली आणि वर एकसारखा हिरवा रंग मारला. तिथे कुठल्या रेजिमेंटची खूण होती, क्रमांक काय होता, रंग किती वेळा बदलला, सगळं त्या वाळूबरोबर जमिनीवर सांडलं. उजवी बाजू वाचली, कारण त्यांचे पैसे संपले.

मी भोसरीला २१ वर्षं टूलरूमच्या तपासणी खात्यात होते. मुलीकडे ऑंटारियोत राहायला आल्यावर शनिवारचा दिवस एका छोट्या संग्रहालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये द्यायला लागले. नगरचं रणगाडा संग्रहालय पाहून आलेला माझा भाचा मला फोटो पाठवतो आणि विचारतो, "मावशी, याला टॅंक म्हणायचं का तोफ?" आता त्याच्या मित्रांना एका चौकात ठेवलेली जुनी गाडी सावरायची आहे. हे सगळं त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत होते, तेच इथे सलग लिहिते.

सेक्स्टन रणगाडा नाही. रणगाड्याच्या धडावर बसवलेली ती मैदानी तोफ आहे. तोफ ब्रिटिशांची पंचवीस पाउंडर, नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, गोळा सव्वाअकरा किलोच्या आसपास, पल्ला सुमारे १२ किलोमीटर. हीच तोफ आपल्या तोफखान्यानंही वर्षानुवर्षं ओढली. माझे मामा देवळालीला होते, ते तिला नुसतं 'पंचवीस' म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेनं सेक्स्टनही वापरल्या, म्हणून ही गाडी आपल्याला अगदी परकी नाही. ती घडली मात्र कॅनडात, मॉन्ट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, १९४३ ते १९४५ या काळात, सुमारे २,१५० नग.

कामाला हात लावण्याआधी गाडी निर्धोक आहे ना, हे बघायचं. बसायच्या फळ्यांखाली, गोळे ठेवायच्या कप्प्यांत, तळाच्या चिखलात काहीही दंडगोलाकार दिसलं तर हात न लावता बाहेर या आणि पोलिसांना कळवा. मीटरच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर आणि तोफेच्या जुन्या नेमयंत्रांवर रेडियमचा रंग असतो. तो आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, म्हणून काच उघडायची नाही. ब्रेकच्या अस्तरात आणि धुराड्याच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असतो, जुन्या लाल प्रायमरमध्ये शिसं. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही, नीट बसणारा फिल्टरचा मास्क हवा, आणि घासायचं ते ओलं करूनच.

आता ओळख. दहा पावलं लांब उभे राहा. चाकांकडे बघून निकाल देऊ नका, कारण दोन्ही बाजूंना तीन-तीन जोड्या आणि त्यांत उभ्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा हा सांगाडा अमेरिकी एम-३ रणगाड्याकडून शर्मन, प्रीस्ट, रॅम, सेक्स्टन अशा सगळ्या भावंडांत आला. मी आधी चालकाची जागा बघते. सेक्स्टनमध्ये ब्रिटिश पद्धतीप्रमाणे चालक उजवीकडे आणि तोफ मध्यरेषेपासून जरा डावीकडे. अमेरिकी एम-७ मध्ये बरोबर उलट: चालक डावीकडे, तोफ उजवीकडे. शिवाय एम-७ च्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात मशीनगनसाठी गोल कठडा उभा असतो. ब्रिटिश सैनिकांना तो चर्चमधल्या प्रवचनाच्या कठड्यासारखा दिसला, म्हणून त्या गाडीचं नाव प्रीस्ट पडलं. त्याच घराण्यात बिशप आली, डीकन आली, आणि सेक्स्टन म्हणजे चर्चची देखभाल करणारा, कबरी खणणारा सेवक.

बिशप ओळखायला सोपी. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या धडावर उंच चौकोनी पेटी आणि पेटीतून डोकावणारी तीच पंचवीस पाउंडर. त्या पेटीमुळे नळी १५ अंशांपेक्षा वर उचलता येत नसे आणि १२ किलोमीटरची तोफ जेमतेम ६ किलोमीटर मारायची. गोलंदाज मातीचा चढ रचून गाडी त्यावर चढवायचे आणि तेवढा पल्ला वाढवायचे. या १४९ गाड्या बनवल्या आणि मग प्रीस्ट आली. पण प्रीस्टची तोफ १०५ मिलिमीटरची, तिचे गोळे ब्रिटिश पुरवठ्यात नाहीत, म्हणजे एका सैन्याला दोन वेगळ्या गोळ्यांची साखळी सांभाळायची. त्या अडचणीतून सेक्स्टन जन्मली. तिची पेटी वरून उघडी आहे, त्यामुळे नळी ४० अंशांपर्यंत जाते. मला ही गाडी आवडते ती यासाठी: आधीच्या गाडीत जे जे नडलं, ते तिच्या अंगावर दुरुस्त झालेलं दिसतं.

तोफ नाही म्हणून ती चोरीला गेली असं समजू नका. काही सेक्स्टन तोफेशिवायच वापरात होत्या, आत नकाशाचं टेबल आणि जादा रेडिओ. त्यात बॅटरीचा, म्हणजे तोफांच्या तुकडीचा, मारा आखणारा अधिकारी बसायचा. प्रीस्टचंही तसंच. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या सैन्यानं काही प्रीस्टच्या तोफा काढल्या, पुढचं भोक पत्र्यानं बुजवलं आणि पायदळ वाहून न्यायला त्या गाड्या वापरल्या. तुमच्या गाडीवर असा पत्रा असेल तर तो ठिगळ समजून कापू नका. आधी त्याचं वेल्डिंग बघा. घाईत रणांगणाजवळ मारलेलं वेल्ड आणि बागेत ठेवण्यापूर्वी सावकाश मारलेलं वेल्ड यांतला फरक जरा सवय झाली की बोटाला कळतो.

आता जवळ या. मागच्या डेकवर जादा बॅटऱ्यांची आणि त्या चार्ज करणाऱ्या छोट्या जनरेटरची खोकी असतील तर ती सेक्स्टन दोन. खोकी नसतील तर सेक्स्टन एक, पण त्या पहिल्या सव्वाशेच बनल्या, तेव्हा खोकी कापून काढल्याच्या खुणा शोधल्याशिवाय तसं जाहीर करू नका. नाक बघा: आधीच्या गाड्यांत ते तीन तुकड्यांचं, बोल्टांनी जोडलेलं, नंतरच्या गाड्यांत एकसंध ओतीव. चाकांच्या जोडीवरचा, पट्ट्याला वरून आधार देणारा परतीचा रोलर मधोमध असेल तर जोडी जुन्या घडणीची, मागे सरकलेला असेल तर नव्या. मात्र हे भाग दुरुस्तीत सर्रास बदलले जात, म्हणून एका भागावरून वर्ष ठरवू नका. आमच्या गाडीच्या सहा जोड्यांपैकी एक इतर पाचांशी जुळत नाही, आणि मी ती बदलू दिलेली नाही.

पट्टे स्वतंत्रपणे बघा. रबराच्या ठोकळ्यांऐवजी नुसत्या लोखंडाच्या, अरुंद, बारीक कड्या असतील तर तो कॅनडाचा स्वतःचा पट्टा. १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया घेतला, रबर मिळेना, आणि कॅनडानं रबराशिवाय चालणारा हलका पट्टा काढला. त्याच्या कड्या लहान, म्हणून दातेरी चाकही वेगळं: शर्मनच्या चाकाला १३ दात, याच्या चाकाला १७. दात मोजायला मिनिट लागत नाही आणि चुकीचे पट्टे मागवण्याचा मोठा खर्च वाचतो.

क्रमांक सगळ्यात शेवटी, कारण ते शोधताना हात घासायला शिवशिवतात. आतली माहितीची पट्टी बहुतेक गेलेली असते. तोफेच्या मागच्या जाड कड्यावर कारखाना, साल आणि नोंदणी क्रमांक ठोकलेला असतो. तो तोफेचा असतो, गाडीचा नव्हे, आणि दोघांची जोडी मूळचीच असेल असं धरून चालू नका. सी अक्षराच्या पोटात बाण दिसला की तो भाग कॅनडाच्या सरकारी मालकीचा. ओतीव भागांवरच्या क्रमांकाआधीचं इंग्रजी अक्षर अमेरिकी पद्धतीत मूळ ड्रॉइंगच्या कागदाचा आकार सांगतं. गंजानं भरलेला अंक छिन्नीनं उकरायचा नाही. भाग सुटा असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज सोडवायचा: ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा कधीच नको, त्यानं पाणी विषारी होतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम दार उघडं ठेवून. आणि स्प्रिंगा या पाण्यात टाकायच्या नाहीत, हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्या ठिसूळ होतात.

रंगाची खिडकी हे माझं सगळ्यात आवडतं काम. तळहाताएवढी जागा निवडायची, शक्यतो कडीच्या किंवा कंसाच्या आडोशाची. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून मधोमध घासत लोखंडापर्यंत जायचं, मग ८०० नं कडा उतरत्या करायच्या. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. फुटपट्टी आणि रंगांचं कार्ड शेजारी ठेवून, सावलीत, फोटो. आमच्या उजव्या बाजूला लोखंडावर लाल प्रायमर, त्यावर १९४४ पासून ब्रिटिश सैन्यानं धरलेली मातकट ऑलिव्ह छटा, त्यावर युद्धानंतरचा गडद चकाकता हिरवा आणि सर्वांत वर बागेतला क्रीम ऑइलपेंट. गडद हिरव्याखाली, दिव्याचा उजेड आडवा पाडल्यावर, वर लाल आणि खाली निळा असा चौकोन उमटला. तोफखान्याची खूण. त्यावरचा पांढरा आकडा ४ नं सुरू होतो, दुसरा अंक अर्धाच आहे. मी तो अजून कुणाला पुरा करू दिलेला नाही. बाजूवर क्रमांक सापडला तर पहिलं अक्षर बघा: ब्रिटिश पद्धतीत रणगाड्यांना टी, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफगाड्यांना एस.

मग खोलायला सुरुवात, आणि इथे माझं आयुष्यभराचं काम उपयोगी पडलं. सेक्स्टनमध्ये दोन देशांचे आटे एकत्र नांदतात. धड अमेरिकी मापाचं, आट्याचा कोन ६० अंश. तोफ ब्रिटिश, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या घराण्याची, कोन ५५. अर्धा इंच बोल्टाला अमेरिकी जाड आटे इंचात १३, व्हिटवर्थ १२, म्हणून दोन फेऱ्यांत अडतो आणि चूक कळते. खरा धोका पाव इंच, पाच-सोळांश आणि तीन-अष्टमांश या मापांत आहे. तिथे दोन्हीकडे इंचातले आटे सारखेच, २०, १८ आणि १६. चुकीचा बोल्ट आत जातो, घट्टही वाटतो, पण धरतो तो आट्यांच्या टोकांवर. आमच्या तोफेच्या क्रेडलला, म्हणजे नळी पेलणाऱ्या पाळण्याला, असे चार बोल्ट कुणीतरी कोंबलेले निघाले. म्हणून आटे मोजायचं पिच गेज खिशात ठेवा आणि शंका आली की भिंगाखाली बघा, व्हिटवर्थचा माथा गोलसर असतो, अमेरिकी चपटा. पान्यांचे दोन वेगळे ट्रे करा. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या व्यासाचा असतो, तोंडाच्या रुंदीचा नव्हे, आणि इथेच नवे हात नटाचे कोपरे गोल करतात.

अडकलेल्या नटाला ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं लावून आठवडाभर रोज थेंब द्या. नाही सुटला तर ॲसिटोन पूर्ण उडाल्यावर नट तापवा आणि मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. प्रत्येक सुट्या भागाला ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीवर ठोकलेला नंबर, तोच नंबर वहीत, काढण्याआधीच्या फोटोसह.

दोन जागी मात्र हौशी माणसानं थांबायचंच. चाकांच्या जोडीतल्या स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात, योग्य दाबयंत्राशिवाय टोपण काढलं तर ते जीव घेऊ शकतं. आणि तोफेचा धक्का झेलणाऱ्या नळ्यांत तेलाबरोबर दाबलेली हवा असते, ८० वर्षांनंतरही दाब असू शकतो. त्या नळ्यांना ना उष्णता, ना पाना. कायद्यानं तोफ निष्क्रिय केल्याचा कागद हातात येईपर्यंत आम्ही तिथे फक्त फडकं फिरवलं.

इंजिन ९ सिलिंडरचं, गोल मांडणीचं, विमानातून आलेलं काँटिनेंटल, ४०० अश्वशक्तीचं. उभं राहिलं की तेल हळूहळू झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दबत नाही, आणि तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्रत्येक वेळी, अगदी सकाळीच चालवून झालं असेल तरी, आधी मागून हँडल लावून हातानं फिरवायचं. दोघांनी मिळून, सावकाश, बोटांवर मोजत. मध्येच जड लागलं तर जोर करायचा नाही. खालच्या चार सिलिंडरांचे प्लग काढायचे, डबा धरायचा आणि तेल गळायची वाट बघायची. गेल्या ऑक्टोबरात आमच्या गाडीतून असं कपभर काळं तेल निघालं. प्लग पुसून बसवले, पुन्हा हँडल लावलं, आणि ते न अडता फिरलं.