संस्थेची निवडणूक घेताय? या चुका टाळा

निवडणुकीनंतर संस्थेत जी भांडणं होतात ना, त्यातली बरीचशी कोण निवडून आलं यावरून नसतात, निवडणूक कशी घेतली यावरून असतात. त्यामुळे नियम काय ते उमेदवारांची नावं यायच्या आधी ठरवून लिहून ठेवा, एकदा नावं समोर आली की साधा नियमसुद्धा कुणाच्या तरी बाजूचा वाटायला लागतो.

सगळ्यात आधी मतदार यादी. वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली चालेल हे नोटिशीतच लिहा, नाहीतर मतदानाच्या दिवशी दारातच वाद सुरू.

नॉमिनेशनमधली नेहमीची चूक म्हणजे माणसाला न विचारता त्याचं नाव टाकणं. सूचक-अनुमोदक कितीही असू देत, उमेदवाराची स्वतःची लेखी संमती हवीच. दुसरं म्हणजे नामांकन समितीने दिलेली नावं हीच फायनल असं धरून चालणं. समितीचं काम चांगली नावं शोधायचं, बाकीच्यांचा रस्ता बंद करायचं नाही, सभेत सदस्यांना नाव सुचवता येईल का ते घटनेत बघा आणि येत असेल तर अध्यक्षांनी तसं विचारायलाच पाहिजे. आणि जो स्वतः उभा आहे त्याने अर्जांच्या छाननीला किंवा मतमोजणीला बसू नये, तो कितीही सरळ माणूस असला तरी.

आता बहुमत, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा 40 मतं पडली आणि तिघांना 18, 12 आणि 10 मिळाली. लोक लगेच टाळ्या वाजवतात, पण नियमात बहुमत लिहिलं असेल तर 18 वाला अजून निवडून आलेला नाही, निम्म्याहून जास्त म्हणजे किमान 21 लागतात, पुन्हा मतदान घ्यावं लागेल. सर्वाधिक मतं मिळाली की विजयी असं हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा. "निम्मे अधिक एक" असं मात्र लिहू नका, 41 मतं पडली तर निम्मे साडेवीस, त्यात एक मिळवला की साडेएकवीस, म्हणजे 22 लागतात की काय असा वाद, जेव्हा की 21 म्हणजेच निम्म्याहून जास्त झाले. कोऱ्या मतपत्रिकांचंही आधीच ठरवा. 42 मतपत्रिकांत 2 कोऱ्या निघाल्या, त्या सोडल्या तर 21 ला बहुमत, धरल्या तर 22 लागतात, तीच माणसं आणि तीच मतं असून निकाल बदलतो! बहुतेक ठिकाणी कोरं मत म्हणजे मत दिलंच नाही असं मानतात आणि मला तेच योग्य वाटतं.

एकच माणूस दोन पदांना उभा असेल तर आधी अध्यक्षपदाचं मतदान घेऊन निकाल सांगा, मग सचिवपदाचं घ्या, गुंता बराच कमी होतो. घटनेत गुप्त मतदान लिहिलं असेल तर हात वर करून उरकू नका, सगळे तयार असले तरीही, कारण हात वर करायला लावलं की ज्याला विरोध करायचाय तो गप्प बसतो.

मतं समान पडली तर चिठ्ठी टाकायची की फेरमतदान घ्यायचं, हेही आधीच लिहा.

आणि खजिनदारपदाला एकही अर्ज आला नाही तर? सभेत कुणालातरी आग्रह करकरून बसवू नका, मुदत वाढवा, ती सगळ्यांना कळवा आणि कामाला महिन्याला साधारण किती वेळ लागतो तेही सांगा, पुष्कळ लोक कामाचा अंदाज नसतो म्हणून मागे राहतात.

निकालानंतर कळलं की 3 अपात्र लोकांनी मत दिलं, तर घाबरून सगळं रद्द करू नका. आधी फरक बघा. दोघांच्या लढतीत विजयी उमेदवार 5 मतांनी पुढे असेल तर ती तिन्ही मतं त्याचीच होती असं धरून वजा केली तरी तो पुढेच राहतो. फरक 2 चा असेल तर मात्र फेरमतदान घ्या. हे तपासता यावं म्हणून प्रत्येकाला किती मतं पडली आणि बाद किती झाली ते इतिवृत्तात लिहा, आणि तक्रारीची मुदत संपेपर्यंत मतपत्रिका सीलबंद ठेवा.