दुकानांच्या काचा पुसण्याचा धंदा: एकच रस्ता धरा

साताऱ्यात हे काम सुरू करायचं असेल तर गावभर फिरू नका. मोती चौक किंवा पोवई नाका, एकच पट्टा धरा. लागून लागून दुकानं मिळाली की पेट्रोल आणि वेळ दोन्ही वाचतात. दर सांगण्याआधी मालकाला दाराची एक काच फुकट पुसून दाखवा. शेजारची मळकी काच तुमची जाहिरात करते.

सामान थोडंच लागतं: चांगल्या रबराचा हातवायपर, मायक्रोफायबर कापड, दोन बादल्या आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. लिक्विड जास्त झालं की ओघळ दिसतात. प्रत्येक ओढीनंतर वायपरचं रबर कोरड्या फडक्यानं पुसा, हे अजिबात चुकवू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. मात्र ते संगमरवरी पायरीवर सांडू देऊ नका, दगड खराब होतो. काम ऊन चढायच्या आत उरका, कारण तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकून डाग राहतात.

काचेच्या आकारावर दर ठरवा आणि तो महिन्याचा बांधा. पावसाळ्यात चिखल उडतो, तेव्हाच्या जादा फेऱ्यांचं आधीच बोलून घ्या. वरच्या मजल्याच्या काचा सुरुवातीला घेऊच नका. जमिनीवर उभं राहून लांब दांड्यानं हात पोचेल तेवढंच काम स्वीकारा.