स्टोरेज ड्रायव्हरचे जुने स्टेटस कोड साफ करताय? या चुका टाळा

जुलैचा पाऊस धो धो कोसळत होता आणि मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यातून फोन आला. "दादा, दुसरी नवी डिस्क घातली, तरी तोच मेसेज येतोय. डिस्क खराब, बदला." कारखान्याच्या थंड खोल्यांचं तापमान नोंदवणारं एक यंत्र आहे. त्यातल्या स्टोरेज कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्राम) मी रत्नागिरीत बसून सांभाळतो. गेलो, झाकण उघडलं. डिस्क ठणठणीत होती. पॉवरच्या कनेक्टरच्या पिनांवर मात्र हिरवट थर चढला होता. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांची ही करामत किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ओळखू येईल. पिना साफ केल्या, कनेक्टर बदलला, मेसेज गायब.

पण मेसेज "डिस्क खराब" असा का येत होता? कारण दोन महिन्यांपूर्वी मी ड्रायव्हरमधले जुने स्टेटस कोड (काय घडलं ते कळवणारे ठरावीक नंबर) साफ केले होते. पाच नंबरचा कोड "मीडिया खराब" असा होता. माझ्या सोर्समध्ये शोधलं तर तो कुठेच वापरात नव्हता, म्हणून काढून टाकला. त्याच सुमारास "लिंक तुटली" असा नवा कोड हवा होता. पाचची जागा रिकामी दिसली, तिथे बसवला. कारखान्यातला देखरेखीचा प्रोग्राम कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी कंपाइल करून ठेवलेला. त्याच्या लेखी पाच म्हणजे मीडिया खराब, आजही आणि उद्याही. दोन डिस्कचे पैसे आणि तीन दिवसांच्या नोंदी गेल्या, त्या माझ्या एका ओळीमुळे.

म्हणून हे लिहितोय. साफसफाई करूच नका असं माझं म्हणणं नाही. जुना कचरा काढायलाच हवा. फक्त काढलेल्या कोडचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

रिकामा नंबर पुन्हा वापरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती टाळण्याचा सर्वांत चांगला नमुना लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे. स्कझी ही डिस्कशी बोलायची ठरलेली भाषा. तिच्या कमांडचा निकाल कर्नल ३२ बिटांच्या एका आकड्यात ठेवतो. पूर्वी त्याचे चार बाइट असे वाटलेले होते: सर्वांत खालचा डिव्हाइसने दिलेला स्टेटस, त्यावर मेसेज बाइट, मग होस्ट बाइट, आणि सर्वांत वर ड्रायव्हर बाइट. होस्ट बाइटमध्ये कंट्रोलर आणि वाटेतल्या अडचणी येतात. हेक्स (१६च्या पायाची मोजणी) ०१ म्हणजे संपर्कच नाही, ०३ म्हणजे टाइमआउट, ०७ म्हणजे कसलीतरी अंतर्गत चूक.

याच होस्ट बाइटमध्ये हेक्स १० ते १३ असे चार कोड होते: टार्गेट फेल्युअर, नेक्सस फेल्युअर, अलोकेशन फेल्युअर आणि मीडियम एरर. ते खरं तर कर्नलच्या मधल्या थराने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले. खालच्या ड्रायव्हरांनी ते द्यायचे नव्हते. पण हेडरमध्ये (कोडांची यादी असलेल्या सोर्स फाइलमध्ये) उघड्यावर पडलेली वस्तू कुणीतरी उचलतोच. काही ड्रायव्हर तेच कोड स्वतः देऊ लागले, आणि एसजी-आयओ (प्रोग्रामने डिस्कला थेट कमांड द्यायची सोय) या वाटेने ते थेट यूजर प्रोग्रामपर्यंतही पोचू लागले. २०२२ मध्ये हे चारही कोड होस्ट बाइटमधून काढले आणि मधल्या थरासाठी वेगळी, आतली जागा दिली. जुना मेसेज बाइट तोवर रिकामा झाला होता, तीच ही जागा.

आता हेडर उघडून पाहा. हेक्स ०फ नंतर थेट १४ येतो. मधे एक टीप आहे: एसजी-आयओचा होस्ट बाइट वाचणाऱ्या यूजर प्रोग्रामांसाठी हा पट्टा वापराविना सोडला आहे. १४ला मागे सरकवून १०वर बसवणं अगदी सोपं होतं, दिसायलाही नीटनेटकं झालं असतं. ते केलं नाही. ती टीप वाचली तेव्हा बर्फ कारखान्यातल्या त्या दोन नव्या डिस्कची खोकी डोळ्यांसमोर आली.

आमच्या वाडीच्या फाट्यावर एसटीचा "आंब्याचा थांबा" आहे. २०२१च्या तौक्ते वादळात तो आंबा आडवा झाला. थांब्याचं नाव तेच राहिलं, आणि पुढच्या फाट्यावर दुसरा आंबा असूनही त्या फाट्याला ते नाव कुणी दिलं नाही. दिलं असतं तर मुंबईहून रात्री उतरणारा माणूस भलतीकडेच उतरला असता.

तेव्हा कोड काढलात तर हेडरमध्ये नंबर आणि कारण लिहून ठेवा, आणि नवा कोड यादीच्या शेवटी घाला.

जुने आणि नवे आकडे एकत्र मिसळणं

ही चूक चटकन लक्षात येत नाही. डिव्हाइस जो स्टेटस बाइट देतं त्यात चेक कंडिशन ("अडचण आहे") म्हणजे हेक्स ०२, कंडिशन मेट म्हणजे ०४, बिझी म्हणजे ०८. लिनक्समध्ये मात्र फार पूर्वीपासून हाच बाइट एक बिट उजवीकडे सरकवून वापरायची पद्धत होती. त्या जुन्या हिशोबात चेक कंडिशन १, कंडिशन मेट २, बिझी ४.

आता अर्धा कोड नव्या पद्धतीने लिहिला आणि अर्धा जुन्याच पद्धतीने राहिला, तर काय होतं ते पाहा. जुना ४ म्हणजे बिझी. नव्या हिशोबात ४ म्हणजे कंडिशन मेट, म्हणजे सगळं ठीक. डिस्क सांगते आहे "थांबा, मला वेळ नाही" आणि प्रोग्राम समजतो काम झालं. कुठलाही एरर दिसत नाही. लिहिलं असं वाटलेला डेटा लिहिलेलाच नसतो.

म्हणून बदल एका फटक्यात, पूर्ण ड्रायव्हरभर करा. जुनी नावं कर्नलच्या आतून काढून टाका, म्हणजे राहिलेली जागा कंपायलरच ओरडून दाखवेल. पण यूजर प्रोग्रामला जी रचना दिली जाते तिच्यात सरकवलेल्या स्टेटसचा वेगळा रकाना आहे. तो तसाच भरत राहायचा. आत काहीही करा, उंबरठ्यावर जुन्या भाषेत भाषांतर करून द्या.

"हा रकाना आता निरुपयोगी आहे" असं ठरवणं

२०२१ मध्ये कर्नलमधून ड्रायव्हर बाइट हद्दपार झाला. त्यातला बहुतेक वेळा दिसणारा कोड हेक्स ०८, म्हणजे "सेन्स डेटा (डिव्हाइसने दिलेला अडचणीचा तपशील) आला आहे, वाचून घ्या". आत तो लागतच नव्हता, कारण स्टेटस चेक कंडिशन असला की सेन्स बघायचा हे ठरलेलंच आहे. पण बाहेर, ०८ दिसल्यावरच सेन्स उघडणारे प्रोग्राम होते आणि आहेत. म्हणून एसजी-आयओचं उत्तर भरताना, स्टेटस चेक कंडिशन असेल तर कर्नल ड्रायव्हर स्टेटसमध्ये आजही ०८ लिहितो. मेसेज स्टेटसचा रकानाही आहे तिथेच आहे, त्यात कायम शून्य जातं. रकाना काढला असता तर त्याच्या पुढचा रकाना सरकला असता आणि जुना बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) तो भलत्याच जागेवरून वाचू लागला असता.

इथे एक फरक मात्र खरोखर बाहेर दिसला, तो डीमेसेजच्या (कर्नलच्या लॉगच्या) ओळींत. आता तिथे ड्रायव्हर बाइटपुढे नेहमी "ड्रायव्हर ओके" असंच छापलं जातं. "ड्रायव्हर सेन्स" हा शब्द शोधून इशारा देणारी स्क्रिप्ट तुमच्याकडे असेल तर ती गप्प बसली असेल. सगळं ठीक चाललंय म्हणून ती गप्प आहे असं समजू नका. आजच तपासा, आणि शब्दांऐवजी सेन्स की (सेन्स डेटातला, अडचणीचा प्रकार सांगणारा आकडा) वाचणारी स्क्रिप्ट लिहा.

उणे आकडा बाइटांत फोडणं

वरचा बाइट रिकामा झाला, त्यामुळे त्याच ३२ बिटांतून उणे एरर परत करायची सोय झाली. सोय चांगली, पण वाचणाऱ्याने आधी चिन्ह बघायला हवं. उणे ५ म्हणजे कमांड डिव्हाइसपर्यंत गेलीच नाही. हाच आकडा बाइटांत फोडला की होस्ट बाइटमध्ये २५५ दिसतो, आणि असा कोड यादीत नाही. आमच्याच एका लॉगमध्ये "अज्ञात होस्ट कोड २५५" हे मी दोन दिवस हार्डवेअरमध्ये शोधत बसलो होतो. आकडा शून्याहून कमी आहे का हे आधी बघा, मग बाइट काढा.

एरर नंबर बदलला तरी चालेल असं मानणं

बहुतेक प्रोग्राम एसजी-आयओच्या वाटेला जात नाहीत. ते फक्त रीड करतात आणि आलेला एरर नंबर बघतात. ब्लॉक थरातून (कर्नलच्या डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या भागातून) मीडियम एरर ६१ म्हणून बाहेर येतो, टार्गेटची चूक १२१ म्हणून, वाहतुकीतली तूट ६७ म्हणून, आणि ज्याचं काही ठरत नाही ते सगळं ५ म्हणून. कॅशमधून वाचणाऱ्याला बहुधा ५च दिसतो. बारीक फरक थेट वाचणाऱ्यांना कळतात.

कोकणात या फरकाला फार किंमत आहे. ६१ आला तर डिस्कवरचा तो भाग गेला, बॅकअप काढा आणि डिस्क बदला. ६७ आला तर आधी केबल आणि कनेक्टर बघा, कारण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पहिला संशय गंजावरच जातो. साफसफाईत हे दोन्ही ५मध्ये लोटले, तर कारखान्यातल्या माणसाला काय बदलायचं तेच कळणार नाही.

बिघडलंच तर

कर्नल किंवा ड्रायव्हर अपडेट केल्यावर देखरेखीचा प्रोग्राम उलटसुलट बोलू लागला तर आधी त्याच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका. एसजी-आयओचं कच्चं उत्तर बघा. आयऑक्टल (प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती) शून्य परत आलं म्हणजे कमांड यशस्वी झाली असं नव्हे, त्याचा अर्थ फक्त उत्तर आलं. स्टेटस, होस्ट स्टेटस, ड्रायव्हर स्टेटस हे तिन्ही रकाने वेगवेगळे छापा. होस्ट स्टेटस शून्य आणि स्टेटस ०२ असेल तर सेन्स बफरचा पहिला बाइट बघा. तो हेक्स ७० किंवा ७१ असेल तर सेन्स की तिसऱ्या बाइटच्या खालच्या चार बिटांत सापडेल. ७२ किंवा ७३ असेल तर ती दोन नंबरच्या बाइटमध्ये असते. की ३ म्हणजे मीडियम एरर. हेच जुन्या कर्नलवर करून दोन्ही छापील उत्तरं शेजारी ठेवा. फरक कोणत्या रकान्यात आहे ते दिसलं की अर्धं काम झालं.

खराब डिस्क शोधत फिरायची गरज नाही. कर्नलमध्ये स्कझी-डीबग नावाचं मॉड्यूल आहे, ते मेमरीत खोटी डिस्क उभी करतं. ऑप्ट्स पॅरामीटर २ देऊन लोड केलं की सेक्टर ४६६० वाचताना ठरवून मीडियम एरर येतो. हा आकडा हेक्समध्ये १२३४ असतो, त्यामुळे लक्षात राहतो. ऑप्ट्स ४ आणि सोबत दर कितव्या कमांडला ते सांगणारं एव्हरी-एनटीएच पॅरामीटर दिलं तर कमांड हरवल्याचं नाटक होतं आणि टाइमआउटची वाट तपासता येते.

बर्फ कारखान्याच्या ड्रायव्हरमध्ये पाचचा अर्थ पुन्हा "मीडिया खराब" केला. लिंक तुटल्याला यादीच्या शेवटी नऊ नंबर दिला. जुन्या प्रोग्रामला नऊ माहीत नाही, तो "अज्ञात अडचण, तंत्रज्ञाला कळवा" असं दाखवतो, आणि ते खरं आहे. कारखान्यातला तो जुना बायनरी मालकांना विचारून माझ्या मशीनवर आणून ठेवला आहे. ड्रायव्हरमध्ये एक ओळ जरी बदलली तरी आधी तो पुन्हा कंपाइल न करता, आहे तसाच चालवतो. कनेक्टर हाताने उपसून बघतो. पाच आला, तर ती आवृत्ती माझ्या टेबलावरून बाहेर जात नाही.