गाडीत आणि ट्रेकला चालेल असा स्वस्तातला वॉकीटॉकी घेताना काय बघायचं (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

मंडळी, पाऊस लागला की आपल्याकडून तीन-चार गाड्या मिळून माळशेजला नाहीतर कसाऱ्याकडे निघतात आणि मुरबाड-टोकावडे मागे पडलं की हळूहळू मोबाईलचा टॉवर जायला लागतो, मग पुढची गाडी कुठे थांबली, मागच्याचा टायर बसला का, काही कळत नाही. ट्रेकला तर लीडर वर खिंडीत आणि बॅकलीड (सगळ्यात मागून येणारा) खाली जंगलात, मधे पंधरा-वीस माणसं. अशा वेळी वॉकीटॉकीसारखी वस्तू नाही, एकाने बटण दाबलं की सगळ्यांना एकदम ऐकू जातं, नंबर लावा, उचलायची वाट बघा असलं काही नाही. पण घेताना लोक वॅट आणि किलोमीटर बघून घेतात आणि तिथेच पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सी बघा. मॉडेल, रंग, टॉर्च हे सगळं नंतर. आपल्या देशात सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा, २०१८ च्या नियमांनी तो मोकळा केलाय. युरोपात याच पट्ट्यातल्या सेटना पीएमआर ४४६ म्हणतात, त्यांची ताकद अर्धा वॅट असते आणि अँटेना सेटलाच कायमची बसवलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे ईटीए, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीमुळे, त्यामुळे विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी दोन्ही दाखवायलाच हवं. ऑनलाइन घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या, ईटीए सर्टिफिकेटची कॉपी मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर बॉक्सवरच्या नंबरशी जुळतोय का ते बघा. दुकानदार "अहो कोण विचारतंय" म्हणाला की सरळ पुढच्या दुकानात जा.

आता बाओफेंग यूव्ही-५आरबद्दल, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी तोच सुचवतो. सेट चांगला आहे, स्वस्त आहे, पण तो हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांसाठी. हॅमचं लायसन्स परीक्षा देऊन मिळतं, कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव मिळतं आणि व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येतं, तेही दुसऱ्या लायसन्सवाल्याशीच. म्हणजे तुमच्याकडे लायसन्स आहे आणि मागच्या गाडीतल्या मेव्हण्याकडे नाही तर उपयोग शून्य. शिवाय हा सेट १३६ ते १७४ पर्यंत उघडा असतो आणि त्यातच १५६.८ मेगाहर्ट्झ हा समुद्रातला चॅनेल १६ येतो, जहाजं संकटात मदत मागतात ती त्यावर. उरण-जेएनपीटी आपल्या दारात आहे, गंमत म्हणून बटण दाबलं तर कोणाच्या मधे आपण बोलतोय याचा पत्ता लागणार नाही. "मी प्रोग्रामिंग करून ४४६ वर आणतो" हेही ऐकू नका, सेटची ताकद आणि सुटणारी अँटेना तीच राहते, मंजुरी काही मिळत नाही. हॅमची आवड असेल तर जरूर परीक्षा द्या, फार सुंदर छंद आहे, पण पिकनिकसाठी तो शॉर्टकट नव्हे.

रेंजचं बोलू, कारण खरी फसगत इथे होते. बॉक्सवर ८ किमी, १० किमी लिहिलेलं असतं, ते एक माणूस डोंगरावर आणि दुसरा मोकळ्या मैदानात असं धरून. या फ्रिक्वेन्सीची लाट सरळ जाते, डोंगराला वळसा घालत नाही. साधा हिशोब ठेवा, मधे डोंगर किंवा काँक्रीट किती आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या गर्दीत काही शे मीटर मिळाले तरी ठीक म्हणायचं, पाम बीच रोडसारखा सरळ मोकळा रस्ता असेल तर एखाद किलोमीटर किंवा त्याहून थोडं जास्त आरामात, आणि खारघरच्या टेकडीवरून खाली दिसणाऱ्या माणसाशी त्याच सेटवर कितीतरी लांब बोलणं होतं कारण मधे काही नाही. कळव्यातून मुंब्र्यात बोलायचं तर मधे पारसिकचा डोंगर, विसरा. आणि जास्त वॅटने हे सुटत नाही, अंतर दुप्पट करायला मोकळ्या हवेतसुद्धा चौपट ताकद लागते, म्हणजे अर्ध्या वॅटच्या जागी ५ वॅट घेतला तरी कागदावर तिप्पटच आणि डोंगरामागे तरीही काही नाही. त्यापेक्षा पन्नास पावलं चालून धारेवर या, अँटेना उभी धरा, जास्त फरक पडतो. माहुलीच्या जंगलात आवाज तुटला तर बॅटरी बदलत बसू नका, आधी मोकळवनात या.

गाडीत अजून एक भानगड, पत्र्याची बॉडी सिग्नल अडवते. सेट डॅशबोर्डखाली किंवा कपहोल्डरमध्ये ठेवून बोललात तर निम्मी रेंज तिथेच गेली, खिडकीच्या काचेजवळ उभा धरा. ताफा लांब झाला तर मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे पोचवायचा, हे निघतानाच ठरवून ठेवा. छतावर अँटेना लावायची फार इच्छा होते, पण लायसन्स नसलेल्या सेटला ती चालत नाही. दुकानात अँटेना स्क्रूने सुटताना दिसली तर तो सेट बहुतेक आपल्यासाठी नाहीच असं समजा.

आणि कृपा करून चालवणाऱ्याने हातात घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातातलं संपर्काचं साधन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्या गुन्ह्याला १ ते ५ हजार दंड किंवा तुरुंगसुद्धा. घाटात दंडाआधी वळण येतं हे वेगळंच. शेजारी बसलेल्याकडे द्या. बाईकवाल्यांनी वॉकीटॉकीच्या नादी लागूच नये असं माझं मत आहे, बटण न दाबता आवाजाने चालू होणारा व्हॉक्स मोड वाऱ्यानेच चालू होतो आणि चॅनेल अडवून बसतो, तुम्हाला हेल्मेटचा ब्लूटूथ इंटरकॉम बरा.

पैसे जिथे घालायचे ते म्हणजे बॅटरी, पाणी आणि आवाज. बॅटरीचे "१८ तास" हे साधारण ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के गप्प बसणं असं धरून लिहिलेले असतात, आपल्याकडे ट्रेकला गप्प कोण बसतं, त्यामुळे त्यातून बरेच तास वजा करा. यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर गाडीत आणि पॉवर बँकेवर काम भागतं, फक्त डेस्कच्या स्टँडवरच चार्ज होणारा घेऊ नका. बॅटरी काढता येत असेल आणि एक जास्तीची मिळत असेल तर उत्तम, काही सेटमध्ये साधे पेन्सिल सेलही चालतात, दोन दिवसांच्या हरिश्चंद्रगडला ते फार उपयोगी.

पाण्यासाठी आयपी नंबर बघा. शेवटचा आकडा पाण्याचा, ४ म्हणजे शिंतोडे, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या सह्याद्रीतला जुलैचा पाऊस म्हणजे शिंतोडे नव्हेत, तेव्हा परवडत असेल तर आयपी ६७ घ्या, नाहीतर आयपी ५४ आणि वर झिपलॉक पिशवी. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसतं का ते दुकानातच नखाने उघडून बघा, पाणी तिथूनच शिरतं. बटणं ओल्या हाताने दाबता येतील एवढी मोठी हवीत, कीलॉक हवं, आणि स्पीकर फुल आवाजात फाटतोय का ते ऐका, धबधब्याजवळ फाटका आवाज काहीच कळत नाही.

"प्रायव्हसी कोड" असं लिहिलेलं असतं त्याने तुमचं बोलणं गुप्त होत नाही, फक्त दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही. रविवारी कलावंतीणला दुसऱ्या ग्रुपची बडबड टाळायला तेवढं पुरतं, पण घरचा पत्ता, गाडी कुठे लावली वगैरे त्यावर बोलू नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट जुळवताना कोडचा क्रमांक न बघता हर्ट्झ (कोड म्हणजे आवाजासोबत जाणारा एक बारीक सूर, त्याची फ्रिक्वेन्सी) बघा, एकाचा १२ नंबर म्हणजे १०० हर्ट्झ असेल तर दुसऱ्याचा तोच असेल असं नाही. म्हणूनच शक्यतो ग्रुपने एकच मॉडेल घ्या. किंमत बघताना ती एका सेटची आहे की जोडीची तेही वाचा.

सिमकार्ड टाकून चालणारे "देशभर रेंज" वाले सेट हल्ली खूप दिसतात, ते मोबाईलच्या नेटवर्कवर चालतात, म्हणजे जिथे फोन बंद तिथे तेही बंद. सोसायटीच्या सिक्युरिटीला ठीक, घाटात नाही.

घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा, आधी सोसायटीत बेसमेंट पार्किंग ते गच्ची, मग दोन गाड्या घेऊन एखाद्या मोकळ्या रस्त्यावर. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायची सवय सगळ्यांना लावा नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि "थांबू नका" चं "नका" एवढंच पोचतं. येऊरला वगैरे गेलात तर बोलणं संपल्यावर वाजणारा बीप बंद ठेवा आणि इअरफोन लावा, ते राष्ट्रीय उद्यान आहे. कोणाला लागलं-पडलं तर या सेटवर आपल्या ग्रुपबाहेरचं कोणी ऐकेल यावर विसंबू नका, एकाला उंचावर पाठवून फोनवरून ११२ लावायला सांगा आणि खालच्यांनी सेट चालू ठेवून तो काय सांगतो ते ऐकत राहा. सीझन संपला की बॅटरी निम्मी चार्ज ठेवून काढून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघत जा.