बाटलीच्या बुडातून बाणाचं टोक: आधी कड, मग जोर

काचेतून बाणाचं टोक घडवायचं म्हटलं की लोक आधी हातोडी शोधतात. हातोडी ठेवून द्या. बाटलीचं बूड दाबाने घडतं, ठोकून नाही. बूड तापवून गार पाण्यात टाकण्याचा सल्लाही ऐकू नका. काचेत बारीक चिरा जातात आणि ऐन घडणीत तुकडा दुभंगतो.

काच म्हणजे काही तडजोडीचा माल नव्हे. कॅलिफोर्नियाच्या यही जमातीतला इशी १९११ नंतर संग्रहालयात लोकांसमोर बाटलीच्या काचेची सुरेख टोकं घडवत असे. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळणारी कॅल्सेडनीही (गारगोटीच्या जातीचा दगड) अशीच शिंपल्यासारखी वळत फुटते. नवशिक्याला मात्र काचच बरी, कारण ती कमी जोरात सुटते आणि चूक लगेच दाखवते.

नाशकात वाइनच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही, म्हणून नवखे त्याच उचलतात. नका उचलू. त्यांचं बूड बहुधा आतून वर चढलेलं असतं, फेसाळ वाइनचं तर आणखीच खोल. तो बाक काढता काढता काच संपते. भंगारवाल्याकडून ६५० मिलीची तपकिरी बिअरची बाटली घ्या आणि त्यातल्या त्यात सपाट बूड निवडा. गाडीच्या दाराची काच टफन केलेली असते, तिचे दाणे होतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या या शहरात तांब्याचा तुकडा मिळवणं अवघड नाही. अर्थिंगची ४ मिलिमीटरची तार घ्या, लाकडी मुठीत घट्ट बसवा आणि कानशीने टोक काढा. तांबं मऊ असल्याने काचेची कड त्यात रुतते. लोखंडी खिळा नवख्याच्या हातून घसरतो आणि कड चुरतो. तळहातावर जाड चामडं, मांडीवर आणखी एक, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क, पायात बूट. गच्चीवर जुनी ताडपत्री अंथरून बसा. भुगा फुंकर मारून उडवू नका आणि हाताने पुसू नका, ब्रश वापरा.

बूड सुटं करायला बाटली गोणपाटात गुंडाळा, बाटलीच्या आत जाड बोल्ट टाका आणि ती उभी धरून वरखाली हलवा. बूड निखळतं.

आता कडेकडे या. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं, माझंही बराच काळ खात होतं. सुटलेल्या बुडाची कड जाड आणि जवळजवळ काटकोनी असते. तिच्यावर कितीही जोर लावा, कपची निघत नाही. लोक मग आणखी जोर लावतात आणि तार घसरून हातात घुसते.

कडेचा जो भाग सर्वांत पातळ दिसेल तिथून तारेच्या टोकाने दाबून एक छोटी कपची काढा. तुकडा उलटा करा. नुकताच पडलेला खळगा आता वर आला, त्यावर टोक टेकवून शेजारची कपची काढा. पुन्हा उलटा. असं एकाआड एक करत पूर्ण फेरी मारा. कड नागमोडी होते, काटकोन जातो. या फेरीत तुकडा पातळ करायचा मोह आवरा.

मग धारेच्या दगडावर कड घासा. एवढ्या कष्टाने आलेली धार घालवायची हे कुणाच्या मनाला पटत नाही, म्हणून लोक इथे कुचराई करतात. घासाच. पातळ धार दाबाखाली चुरते, घासलेली खरखरीत कड दाब पेलते. प्रत्येक फेरीआधी हे करायचं, एकदाच नव्हे.

तुकडा डोळ्यांसमोर आडवा धरा आणि जाडीच्या मधोमध रेषा आहे असं समजा. कपची निघते तळहाताकडच्या बाजूने, म्हणून कड त्या रेषेच्या किंचित खाली हवी. वर राहिली तर कपची खोल जाते आणि तुकडा मोडतो. वर असेल तर तुकडा उलटून वरच्या बाजूचे बारीक टवके काढा, पुन्हा सुलटा केला की कड खाली आलेली दिसते.

आता दाब. तुकडा धरलेल्या हाताची पाठ मांडीच्या आतल्या अंगाला टेकवा आणि दोन्ही मांड्या जवळ आणत जोर वाढवा. आधी आत, तुकड्याच्या पोटाकडे दाबा. दाब पुरता साठला की मनगट जरासं खाली. आधीच खाली दाबलंत तर आखूड टवकाच निघेल. कपची नीट सुटली की स्पष्ट 'टिक्' ऐकू येतं, करकर आली तर कड चुरते आहे, थांबा आणि घासा. चांगली कपची चिमट्याने उचलून उन्हात धरा. दाबाच्या जागी इवला फुगवटा असतो आणि तिथून पुढे पसरलेल्या लहरी दिसतात.

आधी फुगीर बाजू सपाट करा, तिथे कपच्या लांब धावतात. खोलगट बाजूला त्या लवकर थांबतात, तेव्हा तिथे चहूबाजूंनी आखूड कपच्या काढत बाक घालवा. कपची मध्येच तुटून पायरी पडली तर त्याच जागी जोर करू नका, समोरच्या कडेकडून या.

तुकडा पातळ झाला की कडेच्या कपच्या काढत त्याला त्रिकोणी आकार द्या. बुडाशी दोन खाचा शेवटी काढा, बारीक तारेने, दर टवक्याला बाजू बदलत.

हे काम गोदावरीच्या काठी बसून करू नका. घाटावर लोक अनवाणी चालतात. वर गंगापूर धरणाजवळ गंगावाडीला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, अशा जागी आपल्या कपच्या सांडणं किंवा तिथले दगड घडवायला उचलणं दोन्ही चूक. ताडपत्रीवरचा सगळा चुरा पत्र्याच्या डब्यात भरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर 'काच' लिहा आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात सांगून द्या.